जमिनीलगतची वीतभर जागा

समुद्रपूरहून गिरडकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीची शेते लागतात. त्यांच्या कुंपणातला एखादा जुना, मोडून पडलेला लाकडी खांब बघा. तो वरच्या टोकाला मोडलेला नसतो. खड्ड्यात उरलेला खुंट उकरून काढलात तर त्याचे अगदी खालचे टोकही बरेचदा धड असते. मोडतो तो जमिनीच्या सपाटीशी, वीतभर वर आणि वीतभर खाली एवढ्याच पट्ट्यात.

खांब एक, लाकूड एक, वयही एकच. मग एवढीच जागा का कुजते? वर्गात हा प्रश्न विचारला तर मुले सांगतात, "पाण्याने कुजले." पण पाणी तर खाली, खोल मातीत जास्त असते. "उधईने खाल्ले," असेही उत्तर येते. पण वाळवी, जिला आपल्याकडे उधई म्हणतात, ती वरपर्यंत चढू शकते. मग ती इथेच का थांबली?

घरामागे फळ्यांचा बुटका ओटा बांधायचा असेल, ज्याला हल्ली शहरातले लोक 'डेक' म्हणतात, तर हाच प्रश्न फार महाग पडू शकतो. कारण असा ओटा म्हणजे सबंधच्या सबंध त्या वीतभर पट्ट्यात घालून ठेवलेले लाकूड! ते टिकवायचे कसे याचा माणसाने हजारो वर्षे विचार केला आहे. त्या विचाराच्या इतिहासात कार्ल्याची लेणी आहेत, पाटलीपुत्र आहे, मुंबईची गोदी आहे, रेल्वे आहे आणि एक भारतीय संशोधकही आहे, ज्याचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा भेटत नाही.

दोन हजार वर्षे टिकलेले लाकूड

सुरुवात दोन टोकांपासून करू. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या कमानीला लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत. लेणे दगडाचे, पण फासळ्या खऱ्या लाकडाच्या, आणि त्या सुमारे दोन हजार वर्षे जागेवर आहेत. बाहेर मावळचा धो-धो पाऊस पडतो, पण फासळ्यांना पाणी लागत नाही. दगडाच्या छताखाली त्या कायम कोरड्या राहिल्या आहेत.

दुसरे टोक पाटण्याचे. तिथे कुम्रहार येथे १९१२ नंतरच्या काही वर्षांत डी. बी. स्पूनर यांनी उत्खनन केले. त्याला पैसा सर रतन टाटा यांनी दिला होता. मौर्यकालीन खांबांच्या दालनाजवळ स्पूनर यांना सालाच्या लाकडाचे सात चौथरे सापडले. ओंडके एकावर एक रचून केलेले हे चौथरे दोन हजारांहून अधिक वर्षे जमिनीत गाडलेले होते आणि तरीही ओळखू येण्याजोगे शाबूत होते. कारण तिथली जमीन पाण्याने भरलेली होती.

म्हणजे कायम कोरडे लाकूड टिकते आणि कायम बुडालेले लाकूडही टिकते. मग कुजते कोणते?

लाकूड आपोआप 'जुने होऊन' कुजत नाही. ते खाणारे सजीव असतात आणि त्यांत मुख्य असते बुरशी. तिला चार गोष्टी लागतात: अन्न, ऊब, पाणी आणि हवा. अन्न म्हणजे खुद्द लाकूड. ऊब आपल्या हवामानात भरपूर. कार्ल्याच्या फासळ्यांना हवा मिळाली, पण पाणी मिळाले नाही. लाकडातल्या पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. पाटण्याच्या चौथऱ्यांना पाणी मिळाले, पण लाकडाच्या पोकळ्या पाण्याने भरल्यामुळे हवा मिळाली नाही.

आता खांबाकडे परत या. वरच्या भागाला हवा आहे, पण उन्हावाऱ्याने तो वाळतो. खोलवरच्या भागाला ओल आहे, पण हवा कमी. जमिनीलगतच्या पट्ट्यात मात्र दोन्ही एकत्र भेटतात. उधईचेही तसेच आहे. तिचे अंग नाजूक असते, कोरड्या हवेत ती तग धरत नाही. म्हणून ती मातीतून येते आणि ओलाव्याच्या आश्रयाने पहिल्यांदा याच जागी हात मारते. वर चढायचे झाले तर मातीचे बोगदे बांधत चढते.

त्या पट्ट्यातले लाकूड वाचवण्याचे तीन मार्ग माणसाने शोधले. प्रत्येकाची किंमत वेगळी आहे आणि ती वेगवेगळ्या माणसांनी मोजली आहे.

पहिला मार्ग: झाड निवडा

सागाचा ओंडका आडवा कापला की मधला भाग गडद आणि कडेचा भाग फिकट दिसतो. मधल्या भागाला मध्यकाष्ठ म्हणतात, कडेच्या भागाला रसकाष्ठ. जिवंत झाडात पाणी वाहून नेण्याचे काम रसकाष्ठाचे. मध्यकाष्ठातल्या पेशी मेलेल्या असतात, पण मरण्यापूर्वी त्यांनी काही रसायने साठवून ठेवलेली असतात. सागात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात आणि ती उधईला सोसत नाहीत. म्हणून "साग टिकतो" हे वाक्य अर्धेच खरे आहे. सागाचे मध्यकाष्ठ टिकते. त्याच झाडाचे रसकाष्ठ उधई खुशाल खाते.

या मध्यकाष्ठावर जहाजे चालली. 'डेक' हा शब्दही जहाजावरून आला आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जहाजबांधणी करणाऱ्यांनी सागाची जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जपून ठेवलेले आहे. नावात समुद्र असला तरी आपल्या समुद्रपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. पण विदर्भाच्या जंगलातला साग याच जातीचा, आणि आपल्याकडच्या वाड्यांचे खांब-तुळया त्याच गुणावर उभ्या राहिल्या.

या मार्गाची किंमत जंगल मोजते. जाड मध्यकाष्ठ तयार व्हायला झाडाला कित्येक दशके लागतात. तो पुरवठा संपू शकतो हे रेल्वे आल्यावर लख्ख दिसले. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली, १८६७ साली रूळ नागपूरला पोचले आणि १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटच्या कापसाकडे व वरोऱ्याच्या कोळशाकडे फाटा निघाला. एका मैलाच्या रुळांखाली जवळपास दोन हजार लाकडी स्लीपर लागत. स्लीपर म्हणजे काय? जमिनीलगतच्या त्या वीतभर जागेत आडवे घातलेले लाकूड! साग, साल, देवदार अशी मोजकीच लाकडे तिथे टिकत. बाकीची काही वर्षांतच बदलावी लागत. १८६४ साली डिट्रिख ब्रँडिस यांची भारताचे पहिले वन महानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली आणि पाठोपाठ १८६५ साली वनकायदा आला. त्यामागे स्लीपरची ही भूक मोठे कारण होती. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क ज्या कायद्यांनी आवळले गेले, त्यांचा एक धागा असा कुजणाऱ्या लाकडापर्यंत जातो.

दुसरा मार्ग: उचलून धरा

जुन्या वाड्याचा लाकडी खांब कधी नीट पाहिला आहे? तो जमिनीत पुरलेला नसतो. त्याच्या पायाशी घडीव दगड असतो. त्याला तळखडा म्हणतात. खांब त्या दगडावर नुसता उभा असतो.

हा दगड एकाच वेळी तीन कामे करतो. मातीतली ओल लाकडात चढू देत नाही. पावसाचे शिंतोडे उडाले तरी लाकडाचे टोक पाण्यात उभे राहत नाही. तिसरे काम सहसा लक्षात येत नाही. दगड उधईला अडवत नाही, पण तिला उघडी पाडतो. उघड्या दगडावरून चढायचे तर तिला मातीचा बोगदा बांधावा लागतो आणि तो घरातल्या केरसुणी हातात असलेल्या माणसाला दिसतो. पुरलेल्या खांबात ती आतूनच शिरते आणि खांब मोडेपर्यंत पत्ता लागत नाही.

सेवाग्रामलाही हाच विचार दिसतो. १९३६ साली गांधीजी तेव्हाच्या शेगावात राहायला आले. तिथले आदि निवास आणि बापू कुटी ही घरे माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांची आहेत. उंच जोते, रुंद पडव्या आणि बाहेर आलेले छप्पर यांमुळे पावसाचे पाणी भिंतीपासून दूर राहते. ही घरे आजही उभी आहेत. त्याचे अर्धे श्रेय रचनेला आणि अर्धे देखभालीला. लिंपण करणे, कवेलू फेरणे, मोडके बांबू बदलणे ही कामे पुन्हा पुन्हा करावीच लागतात. या मार्गाची किंमत आहे श्रम. देखभाल थांबली की काही पावसाळ्यांतच घर खचते. ओस पडलेले वाडे याची साक्ष देतात.

तिसरा मार्ग: विष भरा

तिसरी कल्पना अशी की अन्नच विषारी करून टाकायचे. १८३८ साली इंग्लंडमध्ये जॉन बेथेल यांनी एका पद्धतीचे पेटंट घेतले. लाकूड लोखंडी टाकीत बंद करायचे, आतली हवा उपसून घ्यायची आणि मग डांबरापासून मिळणारे क्रिओसोट दाबाखाली आत घुसवायचे. अशी स्लीपर विलायतेहून भारतात आणलीही गेली. पण क्रिओसोट काळे, चिकट आणि उग्र वासाचे. रुळांखाली ठीक, घरात नको.

पाण्यात विरघळणारे क्षार वापरावे, तर दुसरी अडचण येते. पाण्याबरोबर आत गेलेले मीठ पावसाच्या पाण्याबरोबर बाहेर येते. मोरचुदाच्या द्रावणात बुडवलेली काडी नंतर साध्या पाण्यात ठेवा. पाणी निळसर होईल.

ही गाठ सोडवली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी. १९३३ साली त्यांनी तांबे आणि आर्सेनिक यांच्या संयुगांबरोबर डायक्रोमेट मिसळले. लाकडात शिरल्यावर डायक्रोमेटमधल्या क्रोमियमचे क्षपण होते. सहासंयुजी क्रोमियम त्रिसंयुजी होते, आणि या क्रियेत तांबे व आर्सेनिक लाकडाच्या घटकांशी जखडले जातात. आता ते पावसाने सहजासहजी धुऊन जात नाहीत. तांबे बुरशीला रोखते. आर्सेनिक कीटकांना आणि तांबे पचवणाऱ्या बुरशींना रोखते. मिश्रणाला नाव मिळाले 'अस्कू'. आर्सेनिक आणि तांबे यांच्या रासायनिक संज्ञा, 'एएस' आणि 'सीयू', जोडून वाचा म्हणजे नाव कळेल.

१९३८ साली याचे अमेरिकी पेटंट मिळाले. त्याच सुमारास अमेरिकेच्या वन खात्याच्या प्रयोगशाळेने मिसिसिपी राज्यात पाइनच्या खुंट्या जमिनीत रोवून चाचणी सुरू केली. प्रक्रिया न केलेल्या खुंट्या दोन-चार वर्षांत गेल्या. या मिश्रणाने भरलेल्या खुंट्यांपैकी अनेक दशकानुदशके शाबूत राहिल्या. ज्या लाकडाला कोणी विचारत नव्हते ते सागाच्या तोडीचे झाले. ही गोष्ट लहान नाही. प्रत्येक टिकलेला खांब म्हणजे न तोडलेले एक झाड होते.

मग जागा बदलली. कामेशम यांच्या काळात प्रश्न होता स्लीपरचा आणि खांबांचा. १९७० नंतर अमेरिकेत हेच हिरवट छटेचे लाकूड घरोघर पोचले. घरामागचे बुटके डेक, बागेतली बाके, मुलांच्या घसरगुंड्या, झोपाळे. स्वस्त पाइन, स्वतः बांधता येईल अशी रचना आणि कुजण्याची भीती नाही. घरच्या डेकची लोकप्रियता फार मोठ्या प्रमाणात या शोधावर उभी होती. पण रुळांखालच्या स्लीपरवर कोणी अनवाणी रांगत नाही, डेकवर मूल रांगते. आर्सेनिक जखडलेले असले तरी थोडे सुटतेच. ते फळीच्या पृष्ठभागावर आणि खालच्या मातीत सापडू लागले. जाळल्यावर तर ते धूर आणि राखेवाटे मोकळे होते. विस्कॉन्सिन राज्यातल्या एका कुटुंबाने असे लाकूड हिवाळ्यात घरातल्या शेगडीत जाळले आणि घरातली सगळी माणसे आजारी पडली. १९८४ साली ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अखेर २००३ च्या शेवटी अमेरिकेत घरगुती बांधकामांसाठी हे लाकूड तयार करणे थांबले. युरोप आणि ऑस्ट्रेलियानेही त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत निर्बंध घातले.

म्हणून कामेशम चुकले असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. तेच मिश्रण विजेच्या खांबात जंगल वाचवते आणि घसरगुंडीत मुलाच्या हाताला लागते. औषधाची मात्रा जशी पाहायची, तशी त्याची जागाही पाहायला हवी. आणि वस्तू निकामी झाल्यावर तिचे काय होणार, हा प्रश्न ती बनवतानाच विचारायला हवा. आपल्याकडे मोडका खांब चुलीत किंवा शेकोटीत जातो. म्हणून मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा: हिरवट दिसणारे, औषध भरलेले, कुठून आले ते ठाऊक नसलेले लाकूड जाळायचे नाही.

आज ओटा बांधायचा तर

हा इतिहास हाताशी असला की बांधकामाचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकवलेला ओटा दरवर्षी हलेल. म्हणून आधारांच्या जागी काळी माती काढून मुरूम भरायचा, चांगला ठोकायचा आणि वर दगड ठेवायचा. हाच आपला तळखडा. सगळे दगड पाणसळीने एका पातळीत आणायचे. ओट्याखालची जमीन मात्र किंचित उतरती हवी, म्हणजे पाणी साचणार नाही. दगडावर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या. खालून निदान वीतभर मोकळी जागा ठेवायची, तिथून वारा खेळला पाहिजे आणि वाकून पाहताही आले पाहिजे. कडेने माती किंवा पाला लोटून ही जागा बुजवली की आपण पुन्हा कुंपणाच्या खांबापाशी आलो.

फळ्यांमध्ये फट किती ठेवायची? गणित करून पाहू. आपल्याकडे मे महिन्यात लाकडातला ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि पावसाळ्यात १८ टक्क्यांच्या घरात जाऊ शकतो. फरक १० टक्के. सागाची फळी रुंदीत, ओलाव्याच्या दर एका टक्क्याला, सुमारे ०.२ टक्के फुगते. म्हणजे १५० मिलिमीटर रुंदीची फळी जवळपास ३ मिलिमीटर रुंद होईल. उन्हाळ्यात बांधताना ५ मिलिमीटर फट ठेवली तर पावसाळ्यातही पाणी गळून जायला वाट राहील. घट्ट भिडवलेल्या फळ्या एकमेकींना ढकलून वर उचलल्या जातात.

लाकडात पाणी सर्वांत जलद शिरते ते कापलेल्या टोकांतून, कारण झाडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात. म्हणून फळ्या बसवण्यापूर्वीच टोकांना आणि खालच्या बाजूलाही तेल द्यावे. जवस हे आपल्या भागातले जुने पीक. त्याचे तेल पाण्यासारखे उडून सुकत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि घट्ट थर बनतो. थर पातळ द्यावा, उरलेले तेल पुसून घ्यावे, आणि तो सुकला की दुसरा द्यावा. तेल पाण्याला काही काळ लांब ठेवते. ते विष नव्हे, त्यामुळे ओल साचू दिली तर त्याचा काही उपयोग नाही. चकचकीत व्हार्निशचा थर उघड्यावर लवकर तडकतो आणि तडीतून शिरलेले पाणी आतच अडकते. तेलाचा हात मात्र दरवर्षी पावसाळ्याआधी पुन्हा फिरवता येतो. एक सावधगिरी हवी. जवसाचे तेल सुकताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवा.

स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. साध्या लोखंडाभोवती ओल्या लाकडात काळे डाग पडतात. लोखंड आणि लाकडातले टॅनिन यांची ती शाईच! बाभळीच्या सालीचा काढा आणि एक गंजका खिळा घेतला की हा प्रयोग वर्गात होतो.

शाळेच्या आवारातला प्रयोग

शेवटी एक सुचवावेसे वाटते. डेहराडून किंवा मिसिसिपीला जी चाचणी झाली ती कोणत्याही शाळेच्या आवारात करता येते. सुताराकडून वेगवेगळ्या लाकडांच्या फूटभर लांबीच्या सारख्या खुंट्या आणा: सागाचे मध्यकाष्ठ, सागाचे रसकाष्ठ, बाभूळ, कडुनिंब, सालई, आणि मिळेल ते एखादे हलके लाकूड. प्रत्येकाच्या दोन खुंट्या हव्यात. एक अर्धी जमिनीत रोवा. दुसरी शेजारीच दगडावर उघड्यावर आडवी ठेवा. क्रमांक द्या आणि जागेचा नकाशा वहीत काढा. दर जूनला आणि दर नोव्हेंबरला प्रत्येक खुंटीला त्याच खिळ्याने टोचून पाहा. टणक, मऊ, पोकळ, उधई लागलेली, असे चारच शेरे पुरेत.

या प्रयोगाचा निकाल एका वर्षात लागणार नाही. सालई बहुधा पहिल्या एक-दोन पावसाळ्यांतच उत्तर देईल, पण सागाच्या मध्यकाष्ठासाठी थांबावे लागेल. खुंट्या रोवणारी पाचवीची मुले तोवर शाळा सोडून गेलेली असतील. तेव्हा वही पुढच्या वर्गाच्या हाती द्या आणि खुंट्या कोणी उपटणार नाही एवढे पाहा.